मेंदूचा मार आणि कोर्टाचा कागद

गेल्या आठवड्यात या सदरात आपण पावसाळ्यातील काविळीविषयी वाचले. आजचा विषय जरा वेगळा आहे. आरोग्याचे सोडून डॉक्टर कोर्टकचेरीत कुठे शिरले, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्या रुग्णामुळे हा लेख लिहितो आहे त्याचा आजार दवाखान्यात जेवढा आहे तेवढाच कोर्टातही आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो कोणाला दिसला नाही. न दिसणाऱ्यांत मीही होतो.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातील एक ऊसतोड मुकादम तेलगावहून मोटारसायकलवर परत येत होता. बीड-परळी रस्त्यावर समोरून आलेल्या जीपने त्याला उडवले. डोक्यावर हेल्मेट नव्हते, हे वेगळे सांगायला नको. लोकांनी उचलून त्याला माझ्या दवाखान्यात आणले. तेव्हा तो शुद्धीवर होता, बोलत होता. फक्त "माझी गाडी कुठंय?" हे तो दर दोन मिनिटांनी विचारी आणि उत्तर दिले की पुन्हा तेच विचारी. दोन उलट्या झाल्या. मी जखमेला टाके घातले, स्कॅनसाठी बीडला पाठवले आणि चिठ्ठीवर लिहिले, 'डोक्याला मार, रुग्ण शुद्धीवर, प्रकृती ठीक.' स्कॅनमध्ये रक्तस्राव निघाला नाही. चार दिवसांनी तो घरी आला.

दोन महिन्यांनी त्याची पत्नी एकटीच दवाखान्यात आली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्यांचे हातपाय धड हायेत, पण माणूस पहिल्यासारखा न्हाई." जो माणूस कधी मुलांवर हात उगारत नव्हता तो आता ताट फेकतो. दुपारी बाजेवर पडला की उठतच नाही. दूध उतू जाऊन करपले तरी शेजारी बसून त्याला वास येत नाही. आणि सर्वांत मोठे म्हणजे, त्याचा हिशेब गेला. मुकादमाचा सारा धंदा डोक्यातल्या हिशेबावर चालतो. कोणत्या कोयत्याला किती उचल दिली, कोणाकडे मागच्या हंगामाची बाकी राहिली, कोण कोणाच्या टोळीतून फुटून आला, हे सगळे त्याला तोंडपाठ असावे लागते. या गृहस्थाने एका जोडप्याला दोनदा उचल दिली आणि दुसऱ्याला दिलीच नाही. हंगामाच्या तोंडावर टोळी मोडली. कारखान्याच्या वाहतूकदाराचे पैसे अंगावर आले.

मी काय केले? झोपेची गोळी आणि ताकदीची बाटली दिली. "हळूहळू बरे होईल" असे सांगितले. तिने सांगितलेले एक अक्षरही मी कागदावर उतरवले नाही.

पुढे भरपाईचा दावा उभा राहिला आणि मला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे साक्षीचे समन्स आले. मुकादमाच्या वकिलांनी मला माझी चिठ्ठी दाखवली, सही माझीच आहे का ते विचारले, आणि ते खाली बसले. मग विमा कंपनीचे वकील उठले. रुग्ण तुमच्याकडे आला तेव्हा शुद्धीवर होता ना? होय. स्कॅनमध्ये दोष नव्हता ना? नव्हता. हाड मोडले नव्हते ना? नाही. तो चालत होता, बोलत होता? होय. साक्ष संपली. पाच मिनिटेही लागली नसतील. मी दिलेले प्रत्येक उत्तर खरे होते, आणि सर्व मिळून खोटे होते. त्याच्या स्मरणशक्तीचे, रागाचे, हिशेबाचे कोणी विचारले नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायचे नसते अशी माझी समजूत होती. निकालात औषधपाण्याचा खर्च मिळाला आणि वर वेदनांबद्दल थोडी रक्कम. कायमचे अपंगत्व सिद्ध झाले नाही, म्हणून कमाईच्या नुकसानीबद्दल काहीही नाही.

त्याचे वकील अडाणी किंवा आळशी होते असे कोणी समजू नये. मोडलेल्या मांडीच्या हाडाचा दावा त्यांच्याइतका चांगला चालवणारा मला माहीत नाही. हाडाचा फोटो असतो, त्यात सळई दिसते, डॉक्टर टक्के लिहून देतात. मेंदूच्या माराचे तसे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, हा मार कोर्टात कसा उभा करायचा हे वकिलांना कोणी शिकवलेले नाही आणि ते शिकवण्याची वेळ आली आहे. आम्हा डॉक्टरांना दुसऱ्या वर्गात न्यायवैद्यक शिकवले, म्हणून थोडाफार कायदा कळतो. वकील मंडळीही मोदींचा ग्रंथ चाळतात. परंतु त्यांचा ओढा विषप्रयोग, शवविच्छेदन आणि वाराच्या खोलीकडे. मेलेल्या माणसाचे न्यायवैद्यक त्यांना चांगले येते. वाचलेल्या, पण बदललेल्या माणसाचे येत नाही.

आता हा मार म्हणजे नेमके काय ते पाहू. घरोघरीचा दाखला देतो. गाडग्यात घट्ट दही विरजले आहे. गाडगे जोरात आपटले, पण फुटले नाही. वरून तडा नाही, ओरखडा नाही. झाकण काढून पाहा, आतले दही मोडलेले असते. कवटीतल्या मेंदूचे असेच होते. वेगात चाललेले डोके एकदम थांबले की आतला मेंदू पुढे-मागे आदळतो, पिळवटतो आणि त्यातले बारीक मज्जातंतू ताणले जातात, तुटतात. सीटी स्कॅन हाडाचा तडा आणि साचलेले रक्त चांगले दाखवतो, पण ही बारीक तुटफूट त्यात पुष्कळदा दिसत नाही. एमआरआय जास्त दाखवतो, तोही सगळेच दाखवतो असे नाही. म्हणून 'स्कॅन नॉर्मल' याचा अर्थ 'मेंदू नॉर्मल' असा होत नाही. हे एक वाक्य जरी आपल्या वकिलांनी टिपून ठेवले तरी अर्धे काम झाले.

मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे कपाळामागचा, हा माणसाचा कारभारी आहे. राग आवरणे, पुढचे ठरवणे, एका वेळी दोन कामे लक्षात ठेवणे, बोलावे की गप्प बसावे हे कळणे, हे सारे त्याच्याकडे. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्यातून आरपार गेली. (तोही मुकादमच, हा योगायोग.) तो वाचला, चालू-बोलू लागला. परंतु शहाणा, कामसू माणूस लहरी आणि शिवराळ झाला आणि पूर्वीचे मुकादमाचे काम त्याला परत मिळाले नाही. त्याच्या डॉक्टरांनी, हार्लो यांनी, हा बदल लिहून ठेवला म्हणून जग आजही त्याच्यावरून शिकते. माझ्या मुकादमाच्या डॉक्टरने लिहून ठेवले नाही.

वास जाणे हीही किरकोळ गोष्ट नव्हे. नाकाच्या वरचे वासाचे धागे डोके आपटले की तुटू शकतात, आणि ते मेंदूच्या त्याच पुढच्या भागाला लागून असतात. वास गेला असेल तर त्याच्या शेजारी काय बिघडले हे तपासायला हवे. ही तपासणी करायला कॉफीची पूड आणि साबणाची वडी पुरते. मी ती केली नाही.

कायद्याची गंमत पाहा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत गंभीर दुखापतीचे आठ प्रकार सांगितले होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते जवळजवळ तसेच आले आहेत. त्यात हाड मोडणे किंवा दात निखळणे आहे. म्हणजे भांडणात एक दात पडला तर ती गंभीर दुखापत, दाखल्यावर लिहिताना आम्हाला विचारही करावा लागत नाही. मेंदू हा शब्द त्या यादीत नाही. जिवाला धोका झाला, किंवा रुग्ण अमुक दिवस आपले नेहमीचे व्यवहार करू शकला नाही, या कलमातूनच तो आत येतो. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते, आता पंधरा आहेत. पण ते दिवस मोजून कोण लिहितो? १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर तीस टक्के असे बोटाबोटाचे भाव होते, मेंदूचा नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यातही 'डोक्याला मार लागून मेंदूला झालेली इजा' असा वेगळा प्रकार नाही. हात लुळा पडला तर अस्थिव्यंगात टक्के मिळतात. स्मरण आणि विवेक गेला तर मानसोपचार विभागातून जावे लागते, कारण त्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार आणि स्मरणशक्तीचा मोठा बिघाड येतो. ही वाट आहे, परंतु ती वकिलाला माहीत नसते, आणि "मी काय वेडा आहे का?" म्हणून रुग्णही त्या खोलीत जात नाही.

उलट, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वाट बरीच मोकळी केली आहे. १८ ऑक्टोबर २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात न्यायालयाने सांगितले की, डॉक्टरांनी लिहिलेले अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईच्या नुकसानीचे टक्के नव्हेत. डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई मात्र जवळपास पूर्ण बुडते. हाच न्याय मुकादमाच्या स्मरणशक्तीला लावून पाहा. समजा, अडतीस वर्षांच्या माणसाची कमाई महिना पंधरा हजार रुपये आहे. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. त्या वयाला गुणक पंधरा लागतो, म्हणजे सत्तावीस लाख. न्यायाधिकरणाने कमाईचे नुकसान चाळीस टक्के धरले तर दहा लाख ऐंशी हजार. काहीच सिद्ध झाले नाही तर शून्य. हा फरक कायद्याने पाडलेला नाही. विचारलेल्या आणि न विचारलेल्या प्रश्नांनी पाडलेला आहे.

दुसरे उदाहरण हरियाणातील आहे. २००७ मध्ये आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला ट्रकने धडक दिली. मेंदूला जबर इजा झाली. तपासणीत तिची सामाजिक समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी निघाली. न्यायाधिकरणाने तिला सुमारे अकरा लाख दिले, उच्च न्यायालयाने सुमारे पंचवीस लाख ऐंशी हजार, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बासष्ट लाख सत्तावीस हजार. त्यात निव्वळ सांभाळणाऱ्या माणसांसाठी एकवीस लाख साठ हजार धरले होते, दोन माणसे, प्रत्येकी महिना पाच हजार, गुणक अठरा. इजा तीच, मुलगी तीच. सांभाळण्याचा खर्च मागता येतो आणि तोही असा वर्षांच्या हिशेबाने, हे आपल्याकडील किती अर्जांत लिहिलेले असते? घरची बाई चोवीस तास राबते तिची मजुरी कोणी धरत नाही. माझ्या मुकादमाची पत्नी त्याला एकटा सोडता येत नाही म्हणून दोन हंगाम तोडीला गेली नाही. हे अर्जात नव्हते.

मग वकिलांना शिकवायचे काय? त्यांना मेंदूतज्ज्ञ करायचे नाही. योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारता आला पाहिजे, बस्स. रुग्णाला विचारा, अपघातापूर्वीचे शेवटचे काय आठवते आणि अपघातानंतरचे सलग पहिले काय आठवते? या दोहोंमधला कोरा काळ जितका लांब तितका मार मोठा, असे ढोबळमानाने धरतात. माझा मुकादम तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता तेव्हा तो या कोऱ्या काळात होता. त्याला शुद्धीवर म्हणणे बरोबर होते आणि अपुरे होते. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली शुद्धीचे मोजमाप बसवले. तीन ते पंधरा असे ते गुण असतात आणि आठ किंवा कमी म्हणजे जबर मार. परंतु तेरा ते पंधरा गुणांना 'सौम्य' म्हणतात ते पहिल्या दिवसाच्या शुद्धीबद्दल. दोन वर्षांनंतरच्या संसाराबद्दल ते काही सांगत नाहीत. विमा कंपनीच्या वकिलांनी 'सौम्य' शब्दावर बोट ठेवले की अर्जदाराच्या वकिलाला हे सांगता आले पाहिजे.

दुसरा शिकवण्याचा भाग म्हणजे साक्षीदार. हाडाच्या दाव्यात डॉक्टर पुरतो. येथे पूर्वीचा माणूस आणि आताचा माणूस असे दोन कोर्टासमोर उभे करावे लागतात. त्यासाठी पत्नी हवी, भाऊ हवा, आणि शक्यतो नात्याबाहेरचा कोणीतरी हवा. बँकेचा कारकून, शाळेचे गुरुजी, टोळीतला एखादा कोयता. मानसशास्त्रज्ञांकडून स्मरण, लक्ष, विचाराचा वेग यांच्या चाचण्या करून घेता येतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तर भारतीय रुग्णांसाठी अशा चाचण्यांचा संच बसवला आहे. या चाचण्यांत मुद्दाम चुका करणारा सोंगाड्याही बऱ्याचदा पकडता येतो, म्हणून हे शिक्षण विमा कंपनीच्या वकिलांनाही हवे. खोटे दावे होतात, हे मी नाकारत नाही. दवाखान्यात पायरी चढताना लंगडणारे आणि बाहेर पडल्यावर झपझप चालणारे मीही पाहिले आहेत. त्यांच्यामुळेच खऱ्या रुग्णाकडे संशयाने पाहिले जाते.

वेळेचेही भान लागते. मेंदूची भरपाई, म्हणजे निसर्गाकडून होणारी, पहिले वर्ष-दीड वर्ष चालू राहते, तेव्हा टक्क्यांचा दाखला घाईने घेणे बरे नाही. फिट येऊ लागणे तर कधी कधी काही वर्षांनी सुरू होते. दुसरीकडे, मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, परंतु त्या भरवशावर कोणी घरी बसू नये. अर्ज लवकर द्यावा, अपंगत्वाचा पुरावा मेंदू स्थिरावल्यावर द्यावा. आणि लोकअदालतीत सही करण्यापूर्वी वकिलाने एकदा विचारावे, या माणसाला आपण कशावर सही करतो हे उद्या आठवेल का? तेथल्या तडजोडीवर अपील नसते. ज्याला आपले हित कळत नाही त्याच्या वतीने जवळच्या माणसाने दावा चालवण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. ती कागदावरच राहते.

आता आमच्या लोकांबद्दल. डॉक्टर कोर्टाला टाळतात, हे खरे आहे. सकाळी अकराला बोलावतात, संध्याकाळी पाचला पुढची तारीख देतात आणि दवाखान्यात पन्नास माणसे ताटकळत बसतात. वर सांगितलेल्या २०१० च्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेतली आहे. डॉक्टरची साक्ष त्याच्या सोयीची वेळ विचारून कमिशनवर घ्यावी, तो कोर्टात आलाच तर ताटकळत ठेवू नये, ठराविक वेळ द्यावी. आमच्या कोर्टांत हे झाले तर साक्षीला डॉक्टर मिळत नाही ही तक्रार बरीच कमी होईल. पण आम्हीही 'प्रकृती ठीक' या दोन शब्दांची सवय सोडली पाहिजे. किती वेळ बेशुद्ध होता, उलट्या किती, काय आठवत नाही, घरचे काय म्हणतात, हे लिहायला दोन मिनिटे लागतात.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे शल्यचिकित्सा, मानसोपचार आणि न्यायवैद्यक हे तिन्ही विभाग आहेत. जिल्ह्यातील वकील संघांनी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मनावर घेतले तर वर्षातून दोन रविवार अशी शिबिरे भरवणे अवघड नाही. अमेरिकेत फक्त मेंदूच्या इजेचेच दावे चालवणारे वकील असतात आणि त्यांच्या परिषदा भरतात. आपल्याला तेवढे नको. खऱ्या दाव्याची कागदपत्रे, नाव झाकून, समोर ठेवावीत. एका वकिलाने माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरची सरतपासणी करावी, दुसऱ्याने उलटतपासणी, आणि कोणता प्रश्न राहून गेला ते निवृत्त न्यायाधीशांनी सांगावे. पिंजऱ्यात उभा राहायला मी तयार आहे. माझी जुनी चिठ्ठीही आणीन. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्री-अपरात्री रस्त्यावर येतात, त्याआधी पहिले शिबिर झाले तर बरे.

मुकादमाला निकालानंतर काही महिन्यांनी पहिली फिट आली. आता गोळ्या चालू आहेत. नव्या वकिलांनी कागद मागवले आहेत आणि खंडपीठात अपील करता येते का, उशीर माफ होतो का, ते पाहत आहेत. यावेळी मी त्याच्या पत्नीला एक दोनशे पानी वही घ्यायला सांगितले. तिला लिहिता येत नाही, म्हणून सातवीतला मुलगा रोज रात्री लिहितो. परवा गोळ्या न्यायला आली तेव्हा वही बरोबर होती. शेवटच्या पानावर तारीख घालून लिहिले होते, 'आज बाबा बाजारातून मीठ आणायला गेले. तीन वेळा गेले. तीन पुडे आणले.'